पांढऱ्या ठिपक्याच्या थोडं पुढे

प्रज्ञेश ओव्हाळांच्या घरी रविवारी सकाळी जायचं नाही, हे हडपसरच्या त्यांच्या अख्ख्या सोसायटीला माहीत होतं. गेलातच तर कल्याणीताई तोंडावर बोट ठेवून दार उघडणार आणि आतून ओव्हाळांचा आवाज येणार, "काम असेल तर सोमवारी या म्हणावं. काम नसेल तर येऊच नका म्हणावं." माणूस तसा वाईट नव्हता हो. पाटबंधारे खात्यात जन्म गेला, त्यातली बरीचशी वर्षं खडकवासल्याच्या धरणावर. कुणाला उगाच खेटे घालायला लावले नाहीत की कुणाचा फुकटचा चहा घेतला नाही. पण रविवारी सकाळी पारख असायची, आणि पारखीच्या वेळी खात्याचा मंत्री जरी दारात आला असता तरी त्याला चपला काढून कोपऱ्यात गप्प बसावं लागलं असतं.

पारख म्हणजे काय ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. विलायतेतल्या रॉक बँडांचे पन्नासेक वर्षांपूर्वीचे अल्बम. ते आधी तबकड्यांवर आले, मग सीडीवर आले, आणि पुढे कंपन्यांनी तेच अल्बम घासूनपुसून पुन्हा विकायला काढले. त्याला रीमास्टर म्हणतात. कव्हरवर सोनेरी पट्टी, किंमत चढी आणि आवाज मोठा. ओव्हाळांचं म्हणणं असं, की या नव्या सीड्यांत सगळी वाद्यं एकाच जोरात बोंबलतात. जुन्या सीडीत ड्रम हळू असला तर हळूच असतो, आणि एकदम अंगावर आला की माणूस दचकतो. नव्या सीडीत दचकायची सोयच ठेवलेली नाही. "कार्यालयातली पंगत आहे ती," ते म्हणायचे. "सगळे एकदम बोलतायत आणि कोण काय बोलतोय ते कुणालाच कळत नाही."

त्यांच्या सागवानी कपाटात प्रत्येक अल्बमच्या दोन सीड्या शेजारी शेजारी असत, एक जुनी आणि एक नवी. अल्बमांची इंग्रजी नावं घरात कुणी घेतच नसे. कव्हरवरच्या चित्रावरून बारशी झालेली होती: छत्रीवाला, तीन कुत्रे, उलटं जहाज. कल्याणीताईसुद्धा धूळ पुसताना विचारायच्या, "अहो, हा कुत्र्यांचा डबा जहाजात का कोंबलाय?"

आणि पारख अशी, की एकाने स्पीकरसमोरच्या खुर्चीत डोळे मिटून बसायचं. दुसऱ्याने खुर्चीमागच्या टेबलाशी उभं राहून दोन्हींपैकी कुठलीही एक सीडी लावायची. बसलेल्याने सांगायचं, जुनी की नवी. मग उठून स्वतःच्या हाताने ट्रे उघडून बघायचं, म्हणजे हो ला हो करायला वाव नाही. आता नवी सीडी मुळातच मोठी वाजते, त्यामुळे नुसत्या आवाजावरून शेंबडं पोरही ओळखेल. म्हणून पूर्वी कधीतरी दोघांनी कान लावून लावून ॲम्प्लिफायरच्या नॉबच्या दोन जागा ठरवल्या होत्या आणि तिथे कल्याणीताईंच्या नेलपॉलिशचे ठिपके दिले होते. लाल ठिपका जुन्या सीडीचा आणि त्याच्या बराच अलीकडे पांढरा ठिपका नव्या सीडीचा. नॉब आपापल्या ठिपक्यावर ठेवला की दोन्ही सीड्या सारख्याच मोठ्या वाजायच्या. मग उरायची ती निव्वळ कानाची परीक्षा.

दोघांनी म्हटलं ते दुसरे म्हणजे अनिरुद्ध मेहेंदळे. कसबा पेठेत राहायचे, बँकेतून निवृत्त झालेले, किडकिडीत, चष्मा कायम नाकाच्या शेंड्यावर. सगळ्या जगाला ते मेहेंदळे साहेब, ओव्हाळांना मात्र अन्या. आणि ओव्हाळ त्यांचे पज्या.

ही दोस्ती कॉलेजातली. प्रज्ञेशचे वडील खडकीच्या कारखान्यात कामगार. घरात बाबासाहेबांचा फोटो, बुद्धवंदना आणि शिकलंच पाहिजे हा धाक. इंग्रजी रॉक ऐकणारी मुलं त्या काळी कॅम्पातली, नाहीतर प्रभात रस्त्यावरची. हॉस्टेलच्या एका खोलीत ती टेप लावून बसायची आणि प्रज्ञेश दाराशी उभा राहून ऐकायचा. एक दिवस त्यातला एक जण म्हणाला, "तुला रे काय कळतंय यातलं?" साधंच वाक्य. पण ते कोण कुणाला म्हणतंय, कुठल्या आडनावाला म्हणतंय, हे खोलीतल्या सगळ्यांना कळलं होतं. प्रज्ञेश म्हणाला, "ही टेप मूळ नाही. कॉपीची कॉपी आहे. मागची झांज चिरकतेय." टेपचा मालक खवळला. मग दुसरी टेप आणली गेली, तिसरी आणली गेली, प्रज्ञेशला भिंतीकडे तोंड करून बसवलं गेलं, आणि त्याने एकूण एक टेप बरोबर ओळखली. खोलीतला एकच मुलगा टाळ्या वाजवून हसला, तो अनिरुद्ध. "कान आहेत का काय आहे रे!" म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या सगळ्या कॅसेट पिशवीत घालून प्रज्ञेशला देऊन गेला.

तेव्हापासून ओव्हाळांची एकच मिरास होती. पदवी काय, सगळ्यांकडे असते. साहेब तर सरकार कुणालाही करतं. पण हे कान त्यांचे स्वतःचे होते, ना कुणाच्या मेहेरबानीचे ना कुणाच्या वशिल्याचे. हे अन्याला जेवढं ठाऊक होतं तेवढं कल्याणीताईंनाही नसेल.

निवृत्तीनंतर दाराची बेल वाजली तरी ओव्हाळ पेपरातून मान वर काढेनात. मोबाइल शेजारी टिंगटिंग करत असला तरी यांचं लक्ष नाही. कल्याणीताई म्हणायच्या, "कान तपासून या एकदा." यावर उत्तर ठरलेलं, "माझे कान? आधी त्या डॉक्टरचे तपासून घ्या म्हणावं." आणि खरंच, रविवारची पारख मात्र चुकत नव्हती. अन्या मागे उभा राहून सीडी लावायचा, हे डोळे मिटून क्षणभर ऐकायचे आणि सांगायचे, "नवी. कोंबलीय नुसती." ट्रे उघडला की नवीच. उलट अन्याचंच अधूनमधून चुकायचं. मग ओव्हाळ कुजकटपणे म्हणायचे, "राहू दे, तुला पोहे तरी ओळखू येतात ना?" अन्या हसायचा आणि पोहे खायचा.

असं छान चाललेलं असताना सौमित्र आला. हा आयटीतला पोरगा, पुण्यातल्या हौशी ऐकणाऱ्यांचं एक मंडळ चालवायचा. ओव्हाळांची कीर्ती त्याच्या कानावर गेली होती. "सर, आमच्याकडे या ना. एरंडवण्यात हॉल आहे, चाळीसएक लोक येतील. तुम्ही बोला आणि मग सगळ्यांसमोर पारख करून दाखवा. लोक म्हणतात असा फरक कळूच शकत नाही. एकदा होऊन जाऊ दे!"

ओव्हाळांना आकाश ठेंगणं झालं. अन्याचा चेहरा मात्र उतरला.

"नको जाऊस पज्या," पुढच्या रविवारी तो पोह्यांची बशी तशीच हातात धरून म्हणाला. "घरचं घरात बरं आहे. लोकांना काय दाखवायचंय?"

"का? काय बिघडतंय?"

"तिथली मशीन वेगळी, खोली वेगळी. आवाज तो पोरगा मीटर लावून सारखा करणार. आपल्यासारखं नाही ते."

"मग अजूनच उत्तम! मीटर लावून केलं तर कुणाला शंकाच नको."

"ऐक माझं. नको."

"तुला रे काय होतंय पण?" ओव्हाळ चिडलेच. अन्याने मान खाली घातली आणि गार झालेले पोहे चिवडत बसला. या माणसाला पोटदुखी झालीय, असं ओव्हाळांच्या मनात आलं. आलं ते आलं, ते तिथेच बसलं.

तरी कार्यक्रमाच्या दिवशी कपाटातल्या सीड्या डब्यांसकट पेटीत भरून अन्याच घेऊन आला. ओव्हाळ सुरेख बोलले, लोक हसले, टाळ्या पडल्या. मग ते खुर्चीत डोळे मिटून बसले. सौमित्रने मीटर लावून आवाज काटेकोर सारखे केले आणि पहिली सीडी लावली. ओव्हाळांनी ऐकलं, आणखी ऐकलं. नेहमी जे पटकन कळायचं ते आज कळेना. "जुनी," ते म्हणाले. सौमित्रने वर धरलेला रिकामा डबा नव्या सीडीचा होता. दुसरी चुकली. तिसरी बरोबर आली, पण ती ठोकून दिलेली होती हे त्यांचं त्यांना माहीत होतं. चौथी चुकली, पाचवी चुकली. मागे कुणीतरी खुसखुसलं. आणि ओव्हाळांना ती हॉस्टेलची खोली आठवली. तुला रे काय कळतंय यातलं.

ते ताडकन उठले. "सीड्या डब्यांत उलटसुलट घातल्यात," ते म्हणाले. "जुन्या डब्यात नवी आणि नव्या डब्यात जुनी. पेटी कुणी आणली? यांनी आणली." त्यांनी अन्याकडे बोट दाखवलं. "गेले पंधरा दिवस मला नको जाऊस, नको जाऊस करत होते. आता समजलं का ते. तुम्हा लोकांना आमच्यातल्या कुणाचं नाव झालेलं बघवतच नाही!"

चाळीस वर्षांत हे 'तुम्ही' आणि 'आम्ही' दोघांच्या मध्ये कधी आलं नव्हतं. अन्या पांढराफटक पडला. त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "चूक माझी. डब्यांत सीड्या भरताना माझ्याकडून घोळ झाला. यांच्या कानांचा काही दोष नाही."

ओव्हाळ एकटेच रिक्षा करून घरी आले. कल्याणीताईंना म्हणाले, "अन्याचं नाव या घरात पुन्हा काढायचं नाही." पेटी सौमित्रने नंतर आणून पोचवली. अन्याचे फोन आले, ते उचलले नाहीत. कल्याणीताई म्हणाल्या, "अहो, माणसाच्या हातून होते चूक. भावजींनी कबूल केलीय ना चारचौघांत?" त्यावर हे म्हणाले, "चूक नाही ती, मुद्दाम केलंय." दिवाळीच्या पुढेमागे अन्या हॉस्पिटलात असल्याचं कळलं, हृदयाचं दुखणं. तिथूनही एकदा फोन आला. ओव्हाळ पडद्यावरचं नाव बघत राहिले, वाजून वाजून फोन बंद होईपर्यंत. उद्या जाऊ, असं म्हणाले. मनातल्या मनात हं, तोंडाने नाही. त्या उद्याला अन्या गेला.

वैकुंठ स्मशानभूमीत ते मागे, गेटजवळ उभे राहिले. रडू येत होतं, पण रागही अजून गेला नव्हता. माफी मागायला हवी होती त्याने, असं त्या वेळीही त्यांच्या मनात येत होतं. अरेरे, काय माणूस असतो बघा.

उन्हाळ्यात आम्रपाली आली, त्यांची मुलगी, बंगळूरला नोकरी करणारी. बाप गप्प गप्प, कपाट बंद, हे बघून ती म्हणाली, "बाबा, आज रविवार ना? चला, मी लावते सीडी. लहानपणापासून बघतेय, येतं मला सगळं."

ओव्हाळ नाही नाही म्हणत खुर्चीत बसले. आम्रपालीने छत्रीवाला लावला. एक क्षण गेला, आणि "नवी!" ते जवळजवळ ओरडलेच. ट्रे उघडला. नवी. मग कुत्रे, मग जहाज, एकही चुकलं नाही. त्यांचा चेहरा उजळला, आवाज चढला. "बघितलंस? कान जागच्या जागी आहेत. त्या दिवशी त्यानेच घोळ घातला होता. मी म्हणत होतो ना!"

असं म्हणत ते टेबलाशी आले आणि सहज त्यांची नजर नॉबवर गेली. ट्रेमध्ये नवी सीडी होती, पण नॉबची रेघ पांढऱ्या ठिपक्यावर नव्हती. चांगली बोटभर पुढे होती.

"अगं, हे ठिपक्यावर ठेवायचं असतं. मोठा येतोय ना आवाज."

"नव्याला थोडं पुढे ठेवायचं ना? अन्याकाका तसंच ठेवायचे."

"कोण म्हणालं?"

"मी पाहिलंय ना. मागे एकदा विचारलं पण होतं त्यांना. ते म्हणाले, तुझ्या बाबांना हल्ली थोडं पुढे लागतं. त्यांना सांगू नकोस हं, त्यांना लगेच राग येतो." ती हसत सांगत होती. मग बापाचा चेहरा बघून तिचं हसू विरलं. "का? चुकलं का माझं काही?"

ओव्हाळ परत खुर्चीत जाऊन बसले. "आता ठिपक्यावर ठेवून लाव," म्हणाले. तिने लावली. मग दुसरी लावली. दोन्हींत तोच ड्रम, तीच गिटार, तोच आवाज. तिसऱ्यांदा लावल्यावर ते म्हणाले, "बंद कर गं," आणि उठून बाल्कनीत जाऊन उभे राहिले.

आठवड्याभरात मुलीनेच त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी कागदावरची उतरत गेलेली रेघ दाखवली. "बारीक आवाज तुम्हाला जवळजवळ येतच नाहीत," ते म्हणाले. "हे आजचं नाही, सात-आठ वर्षांचं तरी असेल. घरात कुणाच्या लक्षात आलं नाही?"

लक्षात आलं होतं. एकाच्या आलं होतं. त्याने प्रत्येक रविवारी पांढऱ्या ठिपक्यापुढे नॉब सरकवून नव्या सीडीचा आवाज किंचित वाढवला होता, ओव्हाळ ट्रे उघडायला उठायच्या आत तो गुपचूप परत ठिपक्यावर आणला होता, आणि ओव्हाळ त्या वाढलेल्या आवाजावरून ओळखत होते. शेंबडं पोरही ओळखेल असं. स्वतः मात्र मुद्दाम मधूनमधून चुकत होता आणि पोह्यांवरून टोमणे खात होता.

त्यांना बसवेना. सौमित्रच्या मंडळाची बैठक होती त्या संध्याकाळी ते न सांगता एरंडवण्यात हजर झाले, हातात तीच पेटी. बैठक संपत आली तसे उठून उभे राहिले.

"गेल्या वर्षी इथे मी एका माणसाला बोललो," ते म्हणाले. "सीड्या उलट भरल्या म्हणालो. सीड्या बरोबर होत्या. माझे कान गेलेले आहेत. मेहेंदळ्यांचा काही दोष नव्हता, हे मला इथे सगळ्यांसमोर सांगायचंय."

सगळे एकमेकांकडे बघू लागले. शेवटी सौमित्र उठून त्यांच्याजवळ आला.

"सर, बसा ना." त्याने खुर्ची पुढे केली. "आम्हाला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"सीड्या बरोबर होत्या ते. तुम्ही गेल्यावर लगेच आम्ही डबे तपासले. मेहेंदळे काकांना म्हटलं, काका, तुम्ही कशाला अंगावर घेतलंत? आत्ता सरांना फोन करून सांगतो. तर त्यांनी हात जोडले हो. म्हणाले, चूक माझ्या नावावरच राहू दे. त्याचे कान काढून घेऊ नका, त्याच्याकडे तेवढंच त्याचं स्वतःचं आहे. आणि मग म्हणाले, राग उतरला की येईल तो, मला ठाऊक आहे ना."

म्हणजे हॉलमधल्या प्रत्येकाला खरं माहीत होतं. इतक्या लोकांत अन्याचं ते खोटं खरं मानलं फक्त ओव्हाळांनी. चाळीस वर्षांच्या मित्राविषयीचं वाईट त्यांना किती चटकन पटलं होतं! ते तिथेच, लोकांदेखत, पेटी मांडीवर घेऊन ढसाढसा रडले.

पुढच्या रविवारी आम्रपाली परत जायची होती. निघण्याआधी ती म्हणाली, "बाबा, एक लावू?" त्यांनी मान हलवली आणि खुर्चीत बसून डोळे मिटले.

"काका ठेवायचे तिथे ठेवू की ठिपक्यावर?"

"ठिपक्यावर."

छत्रीवाला सुरू झाला. ओव्हाळ ऐकत राहिले. कल्याणीताई पोह्यांच्या बशा घेऊन स्वयंपाकघराच्या दारात थांबल्या होत्या.

"सांगा बाबा. जुनी की नवी?"

"नाही कळत गं मला," ओव्हाळ म्हणाले.

त्या खुर्चीत बसून हे वाक्य त्यांनी जन्मात पहिल्यांदा म्हटलं. ते एकदा, एकदाच, अन्यासमोर म्हणायला हवं होतं. तो काही हसला नसता. "बरं," म्हणाला असता, "पोहे गार होतायत, ऊठ."